सहलीची शिदोरी : कालव्याच्या वाटेने उगमाकडे

भगिनींनो, सहल म्हटली की आपण आदल्या रात्री दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवतो. यंदा मात्र सासूबाईंनी फर्मान काढले, "डबा घ्यायचा नाही. जिथं जायचं तिथलंच खायचं." त्याला कारण आमचा भाचा. तो जपानला जाऊन आला होता. तिकडे रेल्वेच्या स्टेशनांवर त्या त्या मुलखातल्या पदार्थांचे डबे विकायला असतात, त्यांना ‘एकिबेन’ म्हणतात, आणि हौशी माणसे खास ते डबे खायला प्रवास करतात, असे त्याने सांगितले. सासूबाई म्हणाल्या, "मग आपल्या जिल्ह्यात काय खायला मिळत नाही होय?"

आमची शेती प्रवरेच्या कालव्यावर. म्हणून ठरले, पाणी ज्या वाटेने येते त्या वाटेने उलटे जायचे. सप्टेंबरअखेरचा रविवार धरला आणि जीपगाडीने निघालो. ओझरच्या बंधाऱ्यावर थोडे थांबलो. नदीचे पाणी इथून डाव्या-उजव्या कालव्यांत वळते. पुढे संगमनेर, अकोले, मग राजूर. राजूरचे पेढे प्रसिद्ध. पाव किलो घेतले, ते गाडीतच संपले.

राजूर सोडले आणि मुलूख बदलला. ऊस मागे राहिला. भाताची खाचरे पोटरीला आलेली, उतारांवर खुरासणी पिवळीधमक फुललेली. रंधा धबधबा कठड्याच्या आतूनच पाहिला. तिथला खडक फार निसरडा, मुलांचा हात सोडू नये. मग भंडारदऱ्याचे धरण. काम सुरू झाले १९१० साली आणि पुरे झाले १९२६ साली. शंभर वर्षांचा तो दगडी बांध तुडुंब भरलेला होता. हे बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे राहिले. म्हणाले, "आपल्या चार खोल्या या पाण्यानंच बांधल्यात."

जेवण कळसूबाईच्या पायथ्याजवळच्या एका वाडीत सांगितले होते. कळसूबाई १६४६ मीटर उंच, साऱ्या महाराष्ट्रात तिच्यापेक्षा उंच शिखर नाही. घरधनीण महादेव कोळी समाजातली, चाळिशीची बाई. पाटावर बसलो, तर ताटात गव्हाच्या चपात्या आणि बटाट्याची भाजी! सासूबाईंनी विचारले, "बाई, तुमच्याकडं नागली नाही होय?"

ती संकोचली. "आहे की. पण तुम्ही बागायतदार माणसं. नागलीची काळी भाकर पुढं कशी ठेवायची? मी राजूरहून गव्हाचं पीठ आणलं."

सासूबाई उठून सरळ चुलीपाशी जाऊन बसल्या. "आम्ही बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून मिलो आणि सुकडी खाल्लेली माणसं. आम्हाला कसली लाज दाखवतेस? थाप भाकरी."

मग खरे जेवण झाले. आधणाच्या पाण्यात मळलेल्या पिठाची तव्यावर टम्म फुगलेली नागलीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, खुरासणीची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वासाचा काळभात. माझ्या धाकट्याने, जो घरी भाकरीला तोंड वेंगाडतो, दोन भाकरी खाल्ल्या.

जेवताना बोलणे निघाले. नागलीसाठी आधी राब भाजायचा, मग रोप, मग भर पावसात लावणी. एवढे करून बाजारात भाव नाही, म्हणून तिची जाऊ नागली सोडायच्या विचारात आहे. पाऊस इथे धो धो, पण मे महिन्यात हंडा घेऊन झऱ्याला जावे लागते. पाणी डोंगर उतरून आमच्या उसाला येते. हे ऐकून आमच्या ह्यांचा घास थोडा अडला.

नागली काही हलके धान्य नव्हे. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम असते. तांदळात त्याचा जेमतेम तिसावा हिस्सा. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपले, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. ज्याची लाज वाटते तेच जपण्याजोगे असते, हे त्यांनी दाखवून दिले.

निघताना पैसे विचारले, तर बाई "द्या काही पण" म्हणाली. सासूबाईंनी हॉटेलात जेवढे दिले असते तेवढेच मोजून दिले, वर दहा किलो नागली आणि दोन किलो हुलगा बाजारभावापेक्षा चढ्या दराने घेतला. "दिवाळीनंतर नवी नागली निघाली की कळव," म्हणाल्या, "आमच्या भिशीतल्या बायका घेतील." भिशीत आम्ही बाराजणी आहोत. नऊजणींनी नावे दिली आहेत. जाऊबाईची नागली यंदा तरी विकली जाईल.

जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून जेवण सांगा, आणि "तुमच्या घरी जे शिजतं तेच करा" हे आवर्जून सांगा. दरात घासाघीस करू नका.

शेंगोळी अशी करा : दोन वाट्या हुलग्याच्या पिठात अर्धी वाटी ज्वारीचे पीठ, वाटलेला लसूण-जिरे, तिखट, हळद, मीठ घालून घट्ट मळा. तेलाच्या हाताने करंगळीएवढ्या वळ्या करून कडी जोडा. लसणाच्या फोडणीत पाणी घालून खळखळ उकळी आली की एकेक सोडा. लगेच ढवळू नका, मोडतात. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे शिजवा. रस आपोआप दाट होतो. सोबत भाकरी, शक्य तर नागलीची.