लशीवरचा विश्वास आणि आशाताईंचे मानधन

बाळाला लस देण्यास एखादी आई कचरली, की तिला अडाणी ठरवून मोकळे होण्याची सवय आपल्या सुशिक्षित वर्गाला जडली आहे. परंतु अज्ञान हेच खरे कारण असते, तर साक्षर इंग्लंडमधील आईबाप का बिथरले असते? १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांनी अवघ्या १२ मुलांवरील निरीक्षणांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडू पाहिला. तो लेख २०१० साली मागे घेण्यात आला. पण मधल्या काळात लसीकरण घटले आणि गोवराने पुन्हा डोके वर काढले.

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली एक मूलगामी मुद्दा मांडला. वैद्यकीय सेवेची पारख रुग्णाला स्वतः करता येत नाही; म्हणून येथे बाजाराचे नियम लंगडे पडतात आणि त्यांची जागा विश्वासाला घ्यावी लागते. लशीच्या बाबतीत तर मूल धडधाकट असते; सुई आज टोचायची आणि लाभ मात्र न दिसणारा. अशा वेळी आई लशीची परीक्षा करीत नाही, ती देणाऱ्या माणसाची करते. मग प्रश्न असा की, त्या माणसाला विश्वासार्ह ठेवण्यासाठी शासनाने काय केले?

इतिहासाचे उत्तर सुखावह नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक निर्बीजीकरणे झाली. उद्दिष्टे ठरली, माणशी मोबदला ठरला आणि आरोग्य कर्मचारी गरिबाच्या दारात सरकारचा वसुली कारकून होऊन उभा राहिला. पुढे पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओच्या थेंबांनी वंध्यत्व येते, ही अफवा पसरली, तेव्हा तिला सुपीक जमीन आयती मिळाली. २००२ साली देशातील १,६०० पोलिओ रुग्णांपैकी १,२०० हून अधिक एकट्या उत्तर प्रदेशातील होते.

मग तेथे पोलिओ हटला कसा? पोलिसी बळाने खचित नव्हे. त्याच मोहल्ल्यांतील स्त्रिया घरोघर पुन्हापुन्हा गेल्या, इमाम व शिक्षक पुढे आले, लोकांच्या शंका ऐकून घेतल्या गेल्या. लशींतील सुधारणा आणि चिवट मोहीम यांना या विश्वासाची जोड मिळाली. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक विषाणूचा पोलिओ रुग्ण आढळला नाही.

हा धडा शासनाने अर्धाच घेतला. दारोदार जाणारी स्त्री त्याने स्वीकारली, तिचा हक्क स्वीकारला नाही. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली आशाताई दप्तरी कर्मचारी नव्हे, ‘स्वयंसेविका’ आहे. तिच्या मोबदल्याचा मोठा भाग कामागणिक मिळतो. पहिल्या वर्षाच्या पूर्ण लसीकरणासाठी मुलामागे १०० रुपये, असा केंद्राचा दर ठरला. तिची निष्ठा वादातीत आहे. दोष रचनेचा आहे. सल्ला देणारीची चूल मुलांच्या मोजदादीवर पेटत असेल, तर तिच्या निरपेक्ष सल्ल्यावरही संशयाची सावली पडते. नियमित वेतन हा म्हणूनच केवळ कामगारहिताचा प्रश्न नाही. तो लसीकरणाचा पाया आहे.

दुसरी मागणी पारदर्शकतेची. २०२१ साली यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे जंतुनाशक पाजले गेले. मुले बचावली, निलंबनाची कुऱ्हाड मात्र खालच्या पातळीवरच कोसळली. लसीकरणानंतर काही विपरीत घडल्यास त्याची चौकशी होऊन अहवाल गावासमोर ठेवला गेला पाहिजे. लपविलेली एक चूक शंभर अफवांना जन्म देते.

आणि एक गोष्ट आपल्या साथींसाठी. औषध कंपन्यांच्या नफेखोरीवरील आपला रोष रास्तच आहे. पण तो लशीवरील रोष होता कामा नये. २०२२ साली गोवंडीत गोवराने बालके दगावली. ती धनिकांची नव्हती. लस नाकारण्याची किंमत प्रथम गरिबाचे मूल मोजते. तेव्हा प्रत्येक शाखेने आशाताईंच्या मोर्चात चालावे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर वस्तीतही फिरावे. पहिले केल्याशिवाय दुसऱ्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि दुसरे केल्याशिवाय पहिल्याला पूर्णत्व नाही.