पांढऱ्या उंदराची तब्येत

प्राण्यांवरील प्रयोग असावेत की नसावेत, हा वादविवाद स्पर्धेचा ठरलेला विषय. एक बाजू करुणेची, दुसरी विज्ञानाची. टाळ्या दोघांनाही मिळतात. मात्र ज्या उंदरावरून हा वाद चालतो तो जगतो कसा, याची चौकशी कुणीच करीत नाही. मीही एकदा तावातावाने बोललो, तेव्हा केली नव्हती.

हा उंदीर बिळातला नव्हे. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये १९०६ पासून त्याचा वंश जोपासला गेला. तेथे हेलन डीन किंग या विदुषीने सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावून पिढ्यामागून पिढ्या वाढविल्या. उंदरा-उंदरांत जितका फरक कमी, तितके विषाचे काम स्पष्ट दिसणार, हा हिशेब.

पण एवढ्याने भागत नाही. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस नावाचा जंतू उंदराच्या श्वासमार्गात ठाण मांडून बसतो. वरून उंदीर धडधाकट, आतून फुप्फुसे खराब. अशा उंदराला कीटकनाशक हुंगवले आणि पुढे फुप्फुसात बिघाड आढळला, तर दोष कुणाचा? ते सांगता येत नाही, आणि उंदीर फुकट मेलेला असतो. म्हणून चांगल्या प्राणिगृहात काही उंदीर पहारेकरी म्हणून ठेवतात. इतरांच्या पिंजऱ्यांतला मळलेला भुसा त्यांच्या पिंजऱ्यात टाकायचा आणि ठराविक मुदतीने त्यांचे रक्त तपासायचे. वस्तीत शिरलेले बरेचसे रोग असे पकडले जातात. (आपल्या वसतिगृहात ही सोय नाही, हा भाग निराळा!)

याचा आपल्याशी काय संबंध, असे कलाशाखेचा विद्यार्थी विचारील. त्याने गावी गेल्यावर फवारणीच्या औषधाचा डबा पाहावा. त्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. किती मात्रेत निम्मे प्राणी मरतात, यावरून १९७१ च्या नियमांनी तो ठरतो. किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच मात्रा पुरली तर लाल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्याच्यासाठी तो रंग हीच सूचना. ती आजारी उंदरांवरून ठरलेली असेल, तर त्या मजुराने कुणावर विश्वास ठेवायचा?

सौंदर्यप्रसाधनांसाठी होणारे प्राणिप्रयोग आपल्या देशाने २०१४ मध्ये बंद केले, ते योग्यच झाले. लिपस्टिकसाठी जीव घेण्याचे समर्थन मला कधीच पटले नाही. कीटकनाशकांबाबत मात्र ते अजून थांबलेले नाहीत. तेव्हा पुढच्या स्पर्धेत मी दोन्ही बाजूंकडे आधी प्राणिगृहाची आरोग्य-नोंदवही मागणार आहे.