लग्नातील भेट : रोप की बी?

लग्नात पाहुण्यांस नारळाऐवजी फुलझाडाचे रोप देण्याची प्रथा अलीकडे वाढत आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु लग्नसराईचा भर असतो वैशाखात. पिशवीतले कोवळे रोप एस.टी.च्या गर्दीतून गावी पोहोचेपर्यंत माना टाकते, आणि जेथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, त्या घरी ते जगवावे कसे? (मांडवातच विसरलेल्या रोपांविषयी तर बोलावयासच नको.)

त्यापेक्षा झेंडूचे बी द्यावे. कागदी पुडीतले कोरडे बी पावसाची वाट पाहू शकते. मृगाचा पाऊस होताच गादीवाफ्यावर पेरून महिन्याभराने रोपे लावली, की दसऱ्याच्या तोरणास घरचीच फुले मिळतात. बी मात्र परसातील देशी झेंडूच्या, झाडावरच पूर्ण वाळलेल्या फुलांचे असावे. संकरित झेंडूचे धरलेले बी पुढे एकसारखी फुले देत नाही. म्हणून लग्नघरी ही गोष्ट दिवाळीच्या सुमारासच सुचविणे गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सोयीचे पडेल. हळदीकुंकवाचे ओले बोट पुडीस लागू देऊ नये. पुडीवर पेरणीचा महिना ठळक लिहावा. वधूवरांची नावे त्याखाली लिहिली तरी चालतील.