ऑपरेशन सुनेचे, घाई सासरची

लग्नाला दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की आपल्या घरांत कुजबुज सुरू होते. सून अंगाने जाड असेल तर सगळा दोष तिच्या वजनावर. हल्ली त्यात एक नवा सल्ला मिळतो, "वजनाचं ऑपरेशन करून टाका, लगेच मूल होईल." माझा आक्षेप ऑपरेशनला नाही, त्या 'लगेच'ला आहे.

लठ्ठपणाचा आणि पाळीचा संबंध खरा आहे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की रक्तात इन्सुलिन वाढते. त्यामुळे अंडाशयात पुरुषी संप्रेरके जास्त बनतात आणि दर महिन्याला बीज सुटत नाही. पीसीओएस असलेल्या अनेक मुलींचे दुखणे हेच असते. जठर लहान करणाऱ्या शस्त्रक्रियेने वजन उतरले की पुष्कळ जणींची पाळी नियमित होते. गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोकाही घटतो.

पण शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने दिवस जाऊ देऊ नका, असे डॉक्टर सांगतात. या काळात वजन झपाट्याने उतरते. लोह, बी-१२, फॉलिक अ‍ॅसिड कमी पडू शकते. आईच्याच अंगात काही नसेल तर बाळाला काय मिळणार? बाळ कमी वजनाचे जन्मण्याची भीती असते. आणि बीज तर वजन उतरू लागताच सुटू शकते! म्हणून गर्भनिरोधक हवेच. बायपासनंतर गोळ्या अंगी लागतीलच असे नाही. तांबीसारखा पर्याय डॉक्टरांना विचारावा.

इथे कुणीतरी 'हराम' म्हणून मोकळे होते. गर्भ टाळण्यासाठी अझल करण्याची रीत सहाबांच्या काळातही होती. इमाम गझालींनी ती जायज मानली आहे. मग आईच्या आणि बाळाच्या जिवासाठी दीड वर्ष थांबणे गुन्हा कसा?

आणखी एक. सुनेला भुलीच्या टेबलावर झोपवण्याआधी मुलाची वीर्यतपासणी केली का? ती साधी आणि स्वस्त आहे, तरी तिचे नाव काढले की घरातले पुरुष गप्प होतात.

ऑपरेशन करायचे की नाही, हे तिने स्वतःच्या तब्येतीसाठी ठरवावे. जिन्नतसाठी नव्हे, नातवंडासाठी तर नव्हेच. हजरत आयेशा (रजि.) यांना मूल नव्हते. तरी सारी उम्मत त्यांना आई म्हणते. घरच्या सुनेला टोमणा मारण्याआधी एवढे आठवले तरी पुरे.