काळ्या तेलाला शेणाचा उतारा

आमच्या सोसायटीला लागून, मुंबई-आग्रा रस्त्याच्या बाजूने, पंधराएक वर्षे ट्रकदुरुस्तीचे एक गॅरेज होते. ते हलले आणि ती मोकळी जागा मुलांच्या बागेसाठी आमच्याकडे आली. मोठ्या हौसेने आम्ही दोन पावसाळे तेथे कडुनिंबाची रोपे लावली. दोन्ही वेळा ती महिनाभरात वाळली. फूटभर खणले तेव्हा कारण कळले. गॅरेजवाले ज्याला ‘काळे ऑइल’ म्हणतात ते मातीत इतके मुरले होते की, ओतलेले पाणी आत न शिरता वरच्या वर ओघळून जात होते.

बैठकीत तोडगा झटपट निघाला. माती खणून काढायची आणि ट्रकने ‘कुठेतरी’ टाकून यायची! हे ‘कुठेतरी’ म्हणजे कुठे, ते नाशिककरांना सांगायला नको. बहुधा नासर्डीचा काठ. कागदोपत्री आता तिला नंदिनी म्हणायचे. समर्थांनी तप केले त्या टाकळीला ती गोदावरीत मिळते. म्हणजे आमचे तेल पहिल्या पावसातच संगमावर पोचणार.

बैठकीत मी एकटा पडलो, तरी माझे म्हणणे येथे मांडतो. ही माती जागच्या जागी सुधारता येते, आणि त्यासाठी लागणारा माल आपण रोज कचरा म्हणून फेकतो.

तेल खाणारे जिवाणू मातीत मुळातच असतात. पण नुसत्या तेलावर त्यांचे भागत नाही. नत्र, स्फुरद, ओल आणि हवाही लागते, आणि तेलाने माखलेल्या मातीत नेमका त्यांचाच दुष्काळ. कुजलेल्या शेणखतातून नत्र, स्फुरद आणि जिवाणूंची नवी कुमक मिळते. पाचट, उसाची चिपाडे, पालापाचोळा यांनी माती पोकळ होऊन हवा खेळते. ढीग अधूनमधून खालीवर करायचा आणि ओला ठेवायचा. मात्र ताजा लाकडी भुसा फार घालू नये, कुजताना तोच नत्र ओढून घेतो. झिरपा रोखायला खाली जाड प्लास्टिक आणि पावसाळ्यात वर ताडपत्री हवीच.

हे आजीबाईच्या बटव्यातले औषध नव्हे. दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने ‘ऑइलझॅपर’ नावाचे तेलखाऊ जिवाणूंचे मिश्रण तयार केले आहे. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजे धडकून तेल सांडले, तेव्हा किनारा साफ करायला ते वापरले गेले. या जिवाणूंना बसायला आधार कशाचा, तर दाणे काढून घेतलेल्या मक्याच्या कणसाच्या भुकटीचा! आमच्या येवला-मालेगावकडे हीच कणसे चुलीत जातात.

नाशिकला तर अशा मालाची ददातच नाही. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीत द्राक्षबागांतून निघणाऱ्या काड्या, वायनरीतला चोथा, लासलगावचा सडका कांदा, पंचवटीतले निर्माल्य... किती नावे घ्यावीत?

आता याची दुसरी बाजू. हे काम महिनोन् महिने चालते, आणि तेलातले जड घटक त्याहून चिवट असतात. वापरलेल्या इंजिन ऑइलमधले जस्त, शिसे तर कोणताही जिवाणू पचवत नाही. म्हणून माती प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय तेथे मुलांना खेळू देऊ नये, आणि हौस म्हणून मेथी तर मुळीच लावू नये. शिवाय एकीकडे माती सुधारायची आणि पलीकडच्या गॅरेजने ऑइल गटारीत सोडायचे, याला अर्थ नाही. वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावे, असा नियम २०१६ पासून स्पष्ट आहे. छोट्या गॅरेजवाल्याने पाच-दहा लिटर घेऊन जायचे कोठे? गॅरेजे ज्या भागात दाटीने आहेत तेथे महापालिकेने संकलनाचे पिंप ठेवावे आणि जागा सोडणाऱ्याला आपल्या प्रकल्पातले खत द्यावे. दंडाच्या पावत्यांपेक्षा हे स्वस्त पडेल.

असो. ‘वास येईल,’ ही शेजारच्या काकांची हरकत अखेर मागे घेण्यात आली आहे. समितीने मला दहा बाय दहाचा कोपरा आणि एक पावसाळा दिला आहे. शेणखताची ट्रॉली बुधवारी येते.