उंदीर बारीक झाला, पण चरबी गेली कुठे?

"डॉक्टर, सीएलएच्या कॅप्सूल घेऊ का? चरबी जळते म्हणे." हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. माझं उत्तर 'नको' असं आहे. का, ते समजून घ्या.

सीएलए म्हणजे काँज्युगेटेड लिनोलेइक अॅसिड, हे एक स्निग्धाम्ल आहे. गाई-म्हशींच्या दुधातल्या स्निग्धांशात ते अल्प प्रमाणात असतं. कॅप्सूलमधलं मात्र बहुधा करडईच्या तेलावर प्रक्रिया करून बनवलेलं असतं.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात उंदरांच्या खाद्यात अर्धा टक्का सीएलए मिसळलं गेलं. या उंदरांच्या अंगातली चरबी इतर उंदरांच्या निम्म्याहूनही कमी भरली. जाहिराती इथेच थांबतात.

२००० साली जपानी संशोधकांनी एक टक्का सीएलए दिलं. उंदरांची चरबी झपाट्याने घटली, पण यकृत चरबीने भरून मोठं झालं आणि रक्तातलं इन्सुलिन वाढलं. असं का व्हावं? चरबीच्या पेशी म्हणजे शरीराची कणगी. कणगी फोडली म्हणून धान्य नाहीसं होत नाही, ते भलतीकडे सांडतं. इथे ते यकृतात सांडलं.

माणसांचं काय? २००७ मध्ये अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. रोज सुमारे ३.२ ग्रॅम सीएलए घेऊन आठवड्याला जास्तीची चरबी घटली ती साधारण ९० ग्रॅम. शिवाय २००२ मध्ये स्वीडनमध्ये पोट सुटलेल्या पुरुषांना सीएलएचा चरबी घटवणारा प्रकार वेगळा काढून दिला, तेव्हा त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद आणखी बिघडला. पोट सुटलेल्या माणसाला मधुमेहाचा धोका आधीच असतो. त्यालाच ही कॅप्सूल विकली जाते!

"मग तूप खाऊ का, त्यातही सीएलए असतं ना?" चवीपुरतं जरूर खा. पण चमचाभर तुपात सीएलए एक ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकंही नसतं, आणि तेही बहुतांशी दुसऱ्याच प्रकारचं. उष्मांक मात्र सुमारे ४५. तूप खाऊन बारीक होण्याचा हिशेब जुळत नाही.

तुम्हाला मधुमेह किंवा फॅटी लिव्हर असेल आणि अशी कॅप्सूल चालू असेल, तर ती तुमच्या डॉक्टरांना दाखवा. 'नॅचरल आहे' म्हणून लपवू नका. आणि पुढच्या वेळी कुणी 'चरबी घटते' म्हणालं, तर एवढंच विचारा: घटलेली चरबी जाते कुठे, आणि साखरेचं काय होतं?