आरोग्यविचार : ताप उतरल्यानंतरचे अकरा दिवस

चातुर्मास आणि हिवताप यांचा हंगाम एकच. हिंगोली निजामाच्या राज्यात होती त्या काळी, त्याच राज्यातील सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू आढळले. रोग्याच्या रक्तातील जंतू ॲनॉफिलीस डासाची मादी दुसऱ्याच्या शरीरात पोहोचवते, हे त्यानंतर सिद्ध झाले.

डास मारावा काय, हा श्रावकाचा जुना प्रश्न. पाणी गाळून पिणाऱ्या घराला त्याचे उत्तर सापडणे अवघड नाही. रांजण झाकलेले, हौद कोरडे आणि अंथरुणावर मच्छरदाणी असली, की मारण्याचा प्रसंगच टळतो.

दुसरी दक्षता औषधाची. १९७३ साली आसामच्या कार्बी आंगलाँग भागात क्लोरोक्विनला न जुमानणारे फॅल्सिपेरम जंतू भारतात प्रथम आढळले. औषध अर्धवट राहिले, की दुबळे जंतू मरतात, चिवट तगतात. आणि डास त्या चिवटांनाच पुढे नेतो. आज फॅल्सिपेरमवर आर्टेमिसिनिन गटातील औषधाला दुसऱ्या औषधाची जोड देतात, ती याच कारणाने.

व्हायवॅक्स जंतू यकृतातही दडून राहतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या सामान्यतः चौदा दिवस दिल्या जातात. ताप मात्र बहुधा तीन दिवसांत उतरतो. खरी कसोटी उरलेल्या अकरा दिवसांची. त्यातच पर्युषण किंवा दशलक्षण पर्व आले, की उपवास धरला जातो; ही गोळी रिकाम्या पोटी सोसत नाही, म्हणून ती सुटते. मग काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, तोच ताप परततो. अशा वेळी वैद्यकीय सल्ल्याने गोळीची वेळ दिवसाच्या भोजनाला जोडून घ्यावी आणि गुरूंना विचारून उपवास पुढे ठेवावा. उरलेली गोळी दुसऱ्याला देणे हे दान नव्हे. गर्भवतीला आणि काही व्यक्तींना प्रायमाक्विन अपायकारक ठरते.

हिंगोली-वसमतच्या हळदीच्या बाजारात दूरदूरचे हमाल आणि ट्रकचालक येतात. जंतू माणसाच्या रक्तातूनच गावोगाव जातो. म्हणून आजारातून उठलेला हमाल कामावर आला, की ‘गोळ्या पुऱ्या झाल्या का?’ एवढे विचारणे पेढीच्या मालकाचेही कर्तव्य ठरते. प्रमाद हे हिंसेचे मूळ, असे जैन आचार मानतो. अर्धी राहिलेली गोळ्यांची पट्टी हाही प्रमादच. त्याचे फळ शेजारच्या घरातील बालकालाही भोगावे लागते.